कॉर्निया ट्रान्सप्लांट झाल्यावर घरी काय काय सांभाळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे अप्पा निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. छाटणीच्या वेळी डोळ्याला काडी लागली, त्यातून बुरशीचं इन्फेक्शन झालं, जखम भरली पण बुबुळावर पांढरं फूल राहिलं आणि त्या डोळ्याने दिसणं जवळजवळ बंद झालं. पुढे बुबुळ बदललं. तेव्हापासून नात्यातल्या, ओळखीतल्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीतल्या लोकांचे फोन येतात, कुणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाच्या पोराचं, आणि विचारायचं बहुतेक तेच असतं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या डिस्चार्ज कार्डवर काही वेगळं लिहिलं असेल तर कार्डावरचंच धरा. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते, ऑपरेशन तास-दीड तासात उरकतं आणि डॉक्टर करतात, ते बुबुळ पुढे वर्षानुवर्षं टिकवायचं काम मात्र पेशंटचं आणि घरच्यांचं असतं.

अख्खा डोळा बदलतात का? दुसऱ्याच्या डोळ्याचा रंग येतो का?

नाही. अख्खा डोळा बदलताच येत नाही. डोळ्याच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो तो म्हणजे कॉर्निया, त्यालाच मी इथे सगळीकडे बुबुळ म्हणतेय, तेवढाच बदलतात, कधी पूर्ण जाडीचा तर कधी त्याचा फक्त एखादा थर. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. डोळ्याचा काळा-घारा रंग त्याच्या मागच्या पडद्याचा असतो, तो आपलाच राहतो. ब्लडग्रुप जुळवायचीही सहसा गरज नसते.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्याला ऑक्सिजन मुख्यतः बाहेरच्या हवेतून अश्रूंमार्फत मिळतो. हे लक्षात ठेवा कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे. रक्त नाही म्हणून शरीराला हा पाहुणा पटकन ओळखू येत नाही आणि किडनीच्या मानाने रिजेक्शन म्हणजे शरीराने ते नाकारणं कमी होतं, आणि रक्त नाही म्हणूनच जखम फार सावकाश भरते. पहिलं यशस्वी कॉर्निया ट्रान्सप्लांट १९०५ साली एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरांनी आजच्या चेक देशातल्या ओलोमोत्समध्ये केलं, म्हणजे हे काही काल-परवाचं प्रयोगाचं ऑपरेशन नाही, घाबरून जाऊ नका.

शेजारच्या काकांना महिन्याभरात दिसायला लागलं, आमच्या आईला अजून धूसर का?

कारण दोघांचं ऑपरेशन बहुतेक वेगळं आहे. हा घोळ इतक्या घरांत होतो की आधी तुमचं कार्ड काढून त्यावर काय लिहिलंय ते बघा. पीके असेल तर पूर्ण जाडीचं बुबुळ बदललंय आणि गोलाकार टाके आहेत. डाल्क असेल तर पुढचे थर बदललेत आणि सगळ्यात आतला थर पेशंटचा स्वतःचाच ठेवलाय, बुबुळ टोकदार होतं त्या केराटोकोनसमध्ये तरुण पोरांना हे बरेचदा करतात. डीसेक किंवा डीमेक असेल तर फक्त आतला पातळ थर बदललाय, तो हवेच्या बुडबुड्याने चिकटवलाय, आणि टाके नावालाच आहेत.

डीसेक-डीमेकवाल्यांची नजर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारते. पीकेवाल्यांना मात्र वर्ष, दीड वर्षही लागू शकतं. तेव्हा काकांशी तुलना करून आईला उदास करू नका.

पहिले काही दिवस काय होतं? किती दुखतं?

पट्टी काढल्यावर डोळा लाल असतो, पाणी येतं, कचरा गेल्यासारखं खुपतं, उजेड सहन होत नाही, पापणी जड वाटते. हे सगळं होतंच, आणि दिवसागणिक थोडं थोडं कमी व्हायला पाहिजे. कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, पिवळी घाण येत असेल, रात्री झोप लागू नये इतकं ठणकत असेल तर सकाळची वाट बघू नका, हॉस्पिटलच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा.

रात्री झोपताना डोळ्यावर प्लास्टिकचं शील्ड चिकटवायचं, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत रोज. झोपेत हात डोळ्याकडे जातोच. लहान नातवंडं शेजारी झोपत असतील तर काही दिवस त्यांची गादी वेगळी करा, झोपेत लाथ लागते. दिवसा काळा गॉगल.

सरळ पाठीवरच झोपायला सांगितलंय, एवढं गरजेचं आहे का?

डीसेक किंवा डीमेक झालं असेल तर हो, खूपच. नवीन थर टाक्यांनी नाही तर हवेच्या दाबाने जागेवर बसलेला असतो. हवा वर जाते, म्हणून तोंड छताकडे ठेवलं की बुडबुडा त्या थराला बरोबर दाबून धरतो. कुशीवर झोपलात, उठून बसून गप्पा मारल्यात तर थर सुटू शकतो आणि पुन्हा आत हवा भरायला थिएटरमध्ये जावं लागतं. किती वेळ ते डॉक्टर सांगतात. भेटायला येणाऱ्यांना हे दिवस येऊ नका म्हणून सरळ सांगा, आपल्याकडे पाहुणा आला की पेशंट उठून बसतोच.

अजून दोन गोष्टी. बुडबुडा डोळ्यात असताना अचानक जोरात डोळा-डोकं दुखायला लागलं आणि उलटी झाली, तर ते ॲसिडिटी समजून घरी गोळी देऊ नका. आतला दाब वाढलेला असू शकतो, तातडीने दाखवावं लागतं. आणि हवा किंवा गॅस डोळ्यात आहे तोवर विमान नाही. ओझरवरून फ्लाइट आहे, पटकन जाऊन येऊ असं करू नका, उंचीवर तो बुडबुडा फुगतो.

ड्रॉपचं एवढं काय आहे? सगळे सारखेच तर असतात.

नाही हो, सगळा खेळ ड्रॉपवरच आहे, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

घरी येताना साधारण अँटिबायोटिक, स्टेरॉइड आणि अश्रूंचे म्हणजे लुब्रिकेशनचे ड्रॉप दिलेले असतात, काहींना डोळ्याचं प्रेशर कमी करायचे पण असतात. यातला राजा म्हणजे स्टेरॉइड, बरेचदा प्रेडनिसोलोन. शरीराने नवीन बुबुळ परकं म्हणून त्याच्यावर हल्ला करू नये म्हणून तो असतो. सुरुवातीला दिवसातून बऱ्याच वेळा, मग महिन्यामहिन्याने कमी कमी करत आणतात, आणि पुष्कळ पेशंटना दिवसातून एकदा असा वर्ष वर्ष चालू ठेवतात. डोळा पांढराशुभ्र दिसतोय, दुखत नाही, मग कशाला टाकायचा असं वाटायला लागतं, आणि तिथेच घात होतो. डोळा छान दिसतोय तो ड्रॉपमुळेच. स्वतःच्या मनाने एक वेळही कमी करू नका.

संपला आणि गावातल्या मेडिकलमध्ये मिळाला नाही, दुकानदार म्हणाला हा घ्या, सेम आहे, तर घेऊ नका. बाटलीचा फोटो डॉक्टरांना पाठवून विचारा. स्टेरॉइडमध्येही कमी ताकदीचे, जास्त ताकदीचे असतात. सगळ्यात चांगलं म्हणजे एक बाटली कायम शिल्लक ठेवायची, आम्ही नाशिकला चेकअपला गेलो की पुढच्या महिन्याचं घेऊनच परत येतो.

टाकायचं कसं: साबणाने हात धुवायचे, पुसून कोरडे करायचे. प्रेडनिसोलोन ॲसिटेट असेल तर बाटली चांगली हलवायची, औषध खाली बसलेलं असतं, न हलवता टाकलं तर नुसतं पाणी जातं. खालची पापणी हळूच खाली ओढून त्या खोबणीत एक थेंब. एकच पुरतो, दोन टाकले तर दुसरा गालावरून ओघळतो. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला कशालाच लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं हलका दाबून ठेवायचा म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरा ड्रॉप कमीत कमी पाच मिनिटांनी. मलम असेल तर सगळ्यात शेवटी. बाटली उघडली की तारीख पेनाने लिहायची, लेबलवर वेगळं काही नसेल तर महिन्याने टाकून द्यायची, अर्धी भरलेली असली तरी.

आम्ही दाराच्या मागे तक्ता लावलाय, टाकला की टिक करायची. मोबाईलला अलार्म. आणि घरात ड्रॉप टाकणारी माणसं दोन तरी तयार ठेवा, एकजण लग्नाला गेला की दुसऱ्याला जमायला हवं.

स्टेरॉइड एवढे महिने टाकले तर वाईट नाही का?

त्याचे तोटे आहेत, खोटं सांगत नाही. काहीजणांचं डोळ्याचं प्रेशर वाढतं, ते वाढूनही दुखत नाही, आणि लक्ष दिलं नाही तर काचबिंदू होऊन मागची नस खराब होते, ती परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो. म्हणूनच तर चेकअपला बोलवतात आणि दर वेळी प्रेशर मोजतात. प्रेशर वाढलं तर त्याचा वेगळा ड्रॉप देतात किंवा स्टेरॉइड बदलतात. तोटा आहे म्हणून मनाने बंद करणं आणि तारखा चुकवणं, दोन्हीचा शेवट सारखाच वाईट. ज्यांना व्हायरसमुळे म्हणजे हर्पिसमुळे फूल पडलं होतं त्यांना असायक्लोव्हिरच्या गोळ्या बरेच महिने चालू ठेवतात, त्याही बंद करायच्या नाहीत, तो व्हायरस नवीन बुबुळातही परत येतो.

रिजेक्शन म्हणजे काय, आणि ते झालंय हे घरी कसं ओळखायचं?

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला लावा.

रिजेक्शन म्हणजे आपल्या शरीराच्या संरक्षण करणाऱ्या पेशी त्या बुबुळाला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतात. सगळ्यात आतल्या थरात पाणी बाहेर काढणाऱ्या पेशी असतात, त्या मेल्या की परत तयार होत नाहीत, मग बुबुळ पाणी धरून सुजतं आणि दुधट होतं. पण हे एका तासात होत नाही. सुरुवातीला पकडलं तर स्टेरॉइड वाढवून बरेचदा ते थांबवता येतं आणि बुबुळ वाचतं. उशीर झाला तर नाही वाचत. इतकं सोपं आणि इतकं कठीण आहे हे.

खुणा चार: डोळा लाल होणं, उजेड डोळ्यात घुसणं, आधी दिसत होतं त्यापेक्षा धूसर दिसणं, आणि दुखणं किंवा खुपणं. चारही एकत्र यायलाच हव्यात असं नाही. नुसतं धूसर झालं, बाकी काही नाही, तरी जायचं. डाल्कमध्ये आतला थर स्वतःचाच असल्यामुळे त्या थराचं रिजेक्शन होत नाही, पण पुढच्या थरांचं होऊ शकतं, तेव्हा त्यांनीही गाफील राहायचं नाही.

रोज एक साधी टेस्ट करा. सकाळी चहाच्या वेळी चांगला डोळा हाताने झाकायचा, दाबायचा नाही, आणि ऑपरेशनच्या डोळ्याने ठरलेल्या जागेवरून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. काल मोठ्या आकड्याची तारीख दिसत होती आणि आज तीच पुसट वाटतेय, तर काहीतरी झालंय. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सगळं भरून काढतो आणि पेशंटला आठवडा आठवडा कळतच नाही, म्हणून एक झाकूनच बघायचं.

खूण दिसली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्याच्या डॉक्टरकडे. उद्या लासलगावला कांदा न्यायचाय, परवा पोळा आहे, सोमवारी जाऊ असं नको. हार्वेस्टिंग चालू असेल, मजूर आलेले असतील, तरी एकाने गाडी काढायची. मुंबई-पुण्याला ऑपरेशन झालं असेल आणि तिथे लगेच जाणं शक्य नसेल तर नाशिकमधल्या जवळच्या नेत्रतज्ज्ञांना आधी दाखवा, कार्ड सोबत न्या, आणि मूळ डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून द्या. गावातल्या दवाखान्यात डोळे आल्याचे ड्रॉप घेऊन दोन-चार दिवस बघू, हे करू नका. मी हात जोडून सांगते.

किती दिवस धोका असतो? एक वर्ष गेलं की सुटलो का?

पहिलं वर्ष-दोन वर्षं जास्त जपायची, पण रिजेक्शन दहा-पंधरा वर्षांनीही झालेलं आहे. म्हणजे त्या चार खुणा कायमच्या पाठ पाहिजेत. ज्यांच्या बुबुळात आजारामुळे रक्तवाहिन्या आत शिरल्या होत्या, ज्यांचं आधीचं ट्रान्सप्लांट फेल गेलंय, जे लहान मूल आहे, त्यांना धोका जास्त. इन्फेक्शन झालं, टाका सैल झाला, तरी तिथून सुरुवात होऊ शकते. कुठलीही लस घ्यायची असेल, दुसरं कुठलं ऑपरेशन ठरलं असेल, दिवस राहिले असतील तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधी कळवा, ते ड्रॉप थोडे दिवस वाढवतात कधी कधी.

टाके कधी काढतात? ते विरघळतात का?

विरघळत नाहीत. पीकेमध्ये केसापेक्षा बारीक नायलॉनचे टाके असतात, सुटे घातले असतील तर बरेचदा सोळा. एकदम सगळे काढत नाहीत. काही महिन्यांनंतर बुबुळाचा नकाशा काढणारं मशीन असतं त्यावर कुठला टाका जास्त ओढतोय ते बघून एक-दोन, एक-दोन असे काढतात, सगळे निघायला वर्षाच्या वर जातं. काही टाके त्रास देत नसतील तर तसेच राहूही देतात. काढताना बधीर करायचा ड्रॉप टाकून ओपीडीतच काढतात, इंजेक्शन नाही, दुखत नाही. काढल्यावर अँटिबायोटिक देतात, तो नीट टाका, आणि त्या दिवसांत नजर बदलते त्याला घाबरू नका.

मधेच एखादा टाका सैल होतो किंवा तुटतो. मग एकदम एका जागी टोचायला लागतं, पापणी उघडझाप केली की वाळू असल्यासारखं. आज टोचलं, उद्या राहिलं, म्हणून सोडून देऊ नका. सैल टाक्याला घाण चिकटते, जंतू तिथून आत शिरतात, आणि रिजेक्शनलाही आमंत्रण मिळतं. त्याला काढायला दोन मिनिटं लागतात. घरी आरशात बघून चिमट्याने ओढायचा प्रयत्न कुणीही करू नका.

मग नीट दिसणार कधी? चष्मा लागेल?

पहिले काही महिने नजर वर-खाली होते, सकाळी धूसर, दुपारी बरी, या आठवड्यात छान, पुढच्या आठवड्यात कमी. टाके आहेत तोवर नंबर स्थिर होत नाही, म्हणून घाईने महागडा चष्मा करू नका. चष्मा बहुतेकांना लागतोच, आणि त्यात सिलिंडरचा नंबर जास्त असतो कारण टाक्यांमुळे बुबुळाचा गोलपणा एकसारखा राहत नाही. चष्म्याने भागलं नाही तर सेमी-सॉफ्ट किंवा स्क्लेरल कॉन्टॅक्ट लेन्स असतात, त्याने काहीजणांच्या नजरेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बुबुळ काचेसारखं स्वच्छ असूनही दिसत नसेल तर डोळ्याच्या अगदी आतला पडदा म्हणजे रेटिना किंवा नस कमजोर असू शकते, ते बुबुळ बदलून सुधारत नाही. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्या की आमच्या डोळ्यात किती नजर येण्यासारखी आहे.

अंघोळ, डोकं धुणं, रामकुंड, रहाड?

अंघोळ गळ्याखालून लगेच चालते. तोंड ओल्या स्वच्छ कपड्याने पुसायचं. डोकं धुवायचं तर पहिले काही आठवडे खुर्चीत मागे मान टाकून दुसऱ्याने धुवायचं, साबण-शाम्पूचं पाणी डोळ्यात नको. पोहणं कित्येक महिने बंद, पुढेही विचारूनच.

रामकुंडावर दर्शनाला जा, पण डुबकी नाही आणि गोदावरीचं पाणी डोळ्याला लावणं नाही. सिंहस्थात घरचे आग्रह करतील, त्यांना सांगा की पाणी हातापायावर शिंपडलं तरी पुण्य तेवढंच. रंगपंचमीला रहाडीत म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात उडी तर विसराच. आणि जुन्या नाशकात त्या दिवशी नुसतं बघायलासुद्धा गर्दीत उभं राहू नका, रंगाचं पाणी कुठूनही येतं आणि धक्का लागतो तो वेगळाच. दिवाळीत फटाक्यांपासून लांब.

बागेत, शेतात, एमआयडीसीत कामाला कधी जायचं?

घरातलं हलकं काम, चालणं लवकर सुरू होतं. वजन उचलणं, पंप पाठीवर घेणं, क्रेट चढवणं, खाली वाकून जोर लावणं हे पीकेनंतर साधारण दोन-तीन महिने तरी नाही, नेमकं डॉक्टर सांगतील. अप्पांना घरी बसवणं सगळ्यात अवघड गेलं. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर आली की द्राक्षवाला घरात थांबतच नाही. मग बांधावर खुर्ची टाकून गॉगल लावून बसायचं आणि मजुरांना सांगायचं, एवढीच परवानगी दिली होती.

पूर्ण जाडीच्या बुबुळाची शिवण कितीही वर्षं गेली तरी मूळ डोळ्याइतकी मजबूत होत नाही. चेंडू लागला, गाईचं शिंग लागलं, वेलीची काडी लागली, तर ती शिवण उघडू शकते आणि मग डोळाच धोक्यात. म्हणून छाटणी, फवारणी, तार बांधणं, गुरांचं काम, सगळीकडे बाजूने बंद असलेला पारदर्शक सेफ्टी गॉगल कायमचा, एका वर्षापुरता नाही. फवारणीचं औषध उडालं तर लगेच स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवायचं आणि मग डॉक्टर. सातपूर-अंबडला ग्राइंडिंग, वेल्डिंग, लेथवर असाल तर सुपरवायझरला लेखी सर्टिफिकेट द्या आणि काही महिने काम बदलून मागा.

स्वयंपाक, चूल, कांदा?

धूर आणि फोडणीच्या ठसक्यापासून पहिला महिना-दोन महिने लांब. नंतर गॅसवर हरकत नाही. कांदा चिरल्याने बुबुळाला काही होत नाही, पण पाणी आलं की हात डोळ्याकडे जातो आणि आपण चोळतो, चोळणं वाईट.

गाडी चालवायची कधी?

डॉक्टरांनी नजर तपासून हो म्हटल्यावर. एका डोळ्याने अंतराचा अंदाज चुकतो, पाणी ओततानाही पेल्याच्या बाहेर जातं, तर द्वारका चौकात टू-व्हीलर कशी जमेल. मागे बसतानाही काच खाली घेतलेलं हेल्मेट. एसटीने गेलात तर खिडकीची सीट नको, वारा आणि धूळ.

पथ्य काय? आंबट, वांगं, अंडी चालतात का?

सगळं चालतं. जखम भरायला डाळी, अंडी, दूध, भाज्या उलट हव्यात. शुगर असेल तर ती मात्र कंट्रोलमध्येच पाहिजे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, जोर लावावा लागतो. तंबाखू, बिडी सोडायची असेल तर यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

मध, गुलाबपाणी, तूप, काजळ?

काहीही नाही. मध नाही, कोथिंबिरीचा रस नाही, बाळंतिणीचं दूध नाही, सुरमा नाही, कुठल्या महाराजांचं अंजन नाही. कितीही प्रेमाने कुणी आणून दिलं तरी. असल्या घरगुती उपायांनी बुबुळावर जंतू बसतात आणि कित्येकांचं मुळातलं फूल त्यानेच पडलेलं असतं.

मोबाईल, टीव्ही बघितला तर टाके ताणतात?

नाही ताणत. फक्त पापणी कमी मिटते म्हणून डोळा कोरडा पडतो, मधे मधे विश्रांती घ्या.

रिजेक्ट झालंच आणि वाचलं नाही तर?

पुन्हा ट्रान्सप्लांट करता येतं. पहिल्यापेक्षा दुसऱ्याचे चान्स थोडे कमी असतात, पण रस्ता बंद झाला असं नसतं. पेशंटला दोष देत बसू नका, सगळं नीट करूनही काहींचं होतं.

कुणाचं बुबुळ मिळालं ते कळतं का? त्या घरच्यांना भेटता येईल?

नाव सांगत नाहीत, दोन्हीकडे गुप्त ठेवतात. बुबुळ विकत घेणं-देणं १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने गुन्हा आहे, आयबँक फक्त तपासणी आणि साठवणुकीचा खर्च घेऊ शकते. आमच्या आईला फार वाटायचं की त्या घरी एकदा साडी-चोळी घेऊन जावं. ते शक्य नव्हतं, मग घरातल्या सगळ्यांनी नेत्रदानाचे फॉर्म भरले. फॉर्म भरलेला नसला तरी घरचे संमती देऊन नेत्रदान करू शकतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून आयबँकेला लगेच फोन करायचा, टीम येईपर्यंत पापण्या मिटून वर ओला स्वच्छ कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा होता, शुगर होती, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं तरी चालतं. चेहरा विद्रूप होत नाही. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, गावातल्या गणपती मंडळांना यात ओढा, ती पोरं मनावर घेतात.

खर्चाचं कसं?

ऑपरेशनच्या प्रकाराप्रमाणे आणि हॉस्पिटलप्रमाणे फार फरक पडतो. सरकारी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलात कमी लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं पॅकेज बसतं का ते ॲडमिट व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. पण हिशोब करताना ऑपरेशनपुरता करू नका. वर्षभराचे ड्रॉप, चेकअपचं जाणं-येणं, शेवटी चष्मा किंवा लेन्स, हे धरूनच पैसे बाजूला ठेवा, पैसे संपले म्हणून ड्रॉप थांबला असं व्हायला नको. अडचण असेल तर हॉस्पिटलमधल्या समाजसेवा विभागाला मोकळेपणाने सांगा.

रात्री-बेरात्री फोन करायची वेळ आली तर नेमकं काय सांगायचं?

घाबरून डोळा दुखतोय, डोळा दुखतोय एवढंच सांगितलं जातं आणि पलीकडच्याला काही कळत नाही. पहिलं वाक्य हे म्हणा: पेशंटचं कॉर्निया ट्रान्सप्लांट झालेलं आहे, अमुक डोळ्याचं, अमुक महिन्यात. मग त्रास कधीपासून आहे, चार खुणांपैकी कुठल्या आहेत, हाताची बोटं मोजता येतात का, मार लागला होता का, सध्या कुठला ड्रॉप किती वेळा चालू आहे आणि मधे बंद होता का. बंद झाला असेल तर लपवू नका, त्यावरच ट्रीटमेंट ठरते. कार्डाचा आणि सगळ्या बाटल्यांचा फोटो घरातल्या दोन-तीन मोबाईलमध्ये आधीच काढून ठेवा. मार लागून डोळ्यातून गरम पाणी आल्यासारखं वाटलं तर डोळा धुवायचा नाही, दाबायचा नाही, ड्रॉपही टाकायचा नाही, शील्ड लावायचं आणि सरळ निघायचं, आणि ऑपरेशन लागेल म्हणून वाटेत खायला-प्यायला काही द्यायचं नाही.